तूट कुठे आहे?
हार्ट फेल्युअरचा रुग्ण दम लागून, पाय सुजून पुन्हा दाखल झाला की ‘पथ्य पाळलं नाही’ असं म्हणून दोष त्याच्याच माथी मारला जातो. अमेरिकी परिचारिका डोरोथिआ ओरेम यांचा 1971च्या पुस्तकात आलेला सिद्धांत इथे आधी एक हिशेब मांडायला लावतो. रुग्णाला स्वतःची किती काळजी घ्यावी लागणार आहे आणि त्यातली किती त्याला जमण्यासारखी आहे? मधली तूट परिचारिकेने भरायची, त्याहून जास्त नाही. अतिदक्षता विभागात सगळं तीच करते, वॉर्डात रुग्ण हातभार लावतो आणि घरी जाताना तिच्याकडे शिकवणं नि पाठीशी राहणं उरतं. शिकवायचं ते असं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते साठलेलं पाणी समजून लगेच कळवायचं. सांगायला सोपं आहे. पण घरात काटा आहे का? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्यावरचा आकडा दिसतो का? ‘मीठ कमी खा’ हे बजावलं जातं ते बहुधा कधी फोडणीही न घातलेल्या गृहस्थाला, आणि पापड-लोणचं तर तो मिठात धरतच नाही.

हा सिद्धांत नर्सिंगच्या परीक्षेपुरता, असं म्हणणारे पुष्कळ. सेंट लुईसमध्ये सत्तरी गाठलेल्या 282 रुग्णांवर झालेला, 1995 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी पाहावा. परिचारिकेच्या पुढाकाराने शिकवण, आहार, औषधांची छाननी आणि घरभेटी मिळालेल्या गटात 90 दिवसांत 53 वेळा पुन्हा दाखल व्हावं लागलं. जवळपास तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात 94 वेळा. उलट पुरावाही आहे. अमेरिकेत 1,653 रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला फोनवरून स्वयंचलित यंत्र तब्येतीचे प्रश्न विचारत असे, फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये 1,023 रुग्णांच्या अभ्यासात परिचारिकांच्या जादा मार्गदर्शनानेही ठोस फायदा दिसला नाही. माझ्या मते हे ओरेमच्या विरोधात जात नाही. यंत्र सगळ्यांना तेच प्रश्न विचारतं, आणि डच रुग्णांची हृदयतज्ज्ञांकडे नियमित तपासणी आधीच होत होती. तूटच कमी, तर भरणार काय?

हा सिद्धांत म्हणजे जबाबदारी रुग्णावर ढकलण्याची सभ्य रीत आहे, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. तूट न मोजता नुसता कागद हातात दिला, तर हा आक्षेप खराच ठरतो. ओरेम घरच्यांनी घेतलेली काळजीही हिशेबात धरतात. आपल्याकडच्या भरगच्च वॉर्डात परिचारिकेला तासभर मिळणार नाही, हे मान्य. पण डिस्चार्जच्या वेळी स्वयंपाक करणारीला आत बोलावून मिठाचं तिलाच सांगायला पाच मिनिटं पुरतात.