कर्कपेशीचा जमाखर्च

शिरूर कासारच्या पेठेत कुणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की आप्तांचा सल्ला ठरलेला असतो : साखर सोडा, उपवास धरा, गाठ उपाशी मरेल. या समजुतीचे मूळ जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या संशोधनात आहे. निरोगी पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून तंतुकणिकेच्या साहाय्याने ऊर्जेचे सुमारे ३० एटीपी रेणू मिळवते. कर्कपेशी प्राणवायू असूनही बरेचसे ग्लुकोज आंबवते व त्यातून अवघे २ मिळवते. व्यापारी याला तोट्याचा धंदा म्हणेल. पण तिला नव्या पेशी बांधण्यासाठी कच्चा माल हवा असतो. ग्लुकोजच्या याच हावेवरून पेट स्कॅन गाठ शोधते. देशातील पहिली पेट सुविधा परळला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने सुरू केली.

तंतुकणिकाच निकामी होते, हा वारबुर्ग यांचा तर्क मात्र टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींत ती चालू असते. मेद व ग्लुटामिनही वापरते. म्हणून औषधांचा नेम आता तिच्यावर आहे. तिच्यातील आयडीएच-२ या बिघडलेल्या विकराला रोखणारे एनासिडेनिब अमेरिकेत २०१७ मध्ये एका रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. उलट मधुमेहावरील मेटफॉर्मिन स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६००हून अधिक रुग्णांवर तपासले गेले, पण २०२२च्या निष्कर्षांत अपेक्षित लाभ दिसला नाही.

उपवासातही यकृत रक्तातील साखर राखते. झिजतात ते रुग्णाचे स्नायू. तप कर्मनिर्जरेसाठी आहे आणि तेही यथाशक्ती. पर्युषणात केमोथेरपी चालू असल्यास पच्चक्खाण घेण्यापूर्वी महाराजसाहेबांना उपचार सांगावेत आणि डॉक्टरांना उपवास.