मागणीचा फोटो

मंडळी, लग्नाचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण मागणी घालतानाचा फोटो कधी पाहिलात का? आपल्याकडे मागणी घालायची ती वडीलधाऱ्यांनी, ओटीवर बसून, सुपारी कातरत. फोटो यायचा तो त्याही आधी, पाकिटातून. मुलगी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे बसून यायची आणि ते चित्र या घरातून त्या घरात फिरायचे. म्हणजे चित्र आधी, मागणी मागून, आणि मुलीचा होकार, कोणी विचारलाच तर, अगदी शेवटी!

आता हा क्रम बदलू लागला आहे. मुलगा स्वतःच मुलीला विचारतो, कधी मुलगी मुलाला विचारते, तेही आधी काही न कळवता. आणि तो क्षण टिपायला एखादा मित्र आडोशाला कॅमेरा घेऊन उभा असतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी सिडनीच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सामना चालू असताना एका भारतीय प्रेक्षकाने एका ऑस्ट्रेलियन तरुणीला अशीच मागणी घातली. ती हो म्हणाली, आणि ते दृश्य घरोघरी दिसले.

हे लोण दिव्यापर्यंत आले आहे बरं का! दिवा म्हणजे ठाणे-कल्याण लोहमार्गावरचे जंक्शन. वसईचा आणि पनवेलचा फाटा इथूनच फुटतो. तिथे राहणारा माझा एक विद्यार्थी परवा म्हणाला, "सर, आमची ओळख लोकलमधली. तेव्हा स्टेशनाजवळ रुळांवर उभं राहूनच तिला विचारावं म्हणतो. मित्र फोटो काढील. तुम्हाला छायाचित्रणातलं कळतं, काही सांगा."

मी म्हटले, "अरे, पहिली गोष्ट म्हणजे रुळांवर जायचं नाही." १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे तसे करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि गाडी काही मागणी पुरी होईपर्यंत थांबत नाही! त्याने खाडीकाठची मोकळी जागा निवडली.

आता फोटोचे शास्त्र पाहू. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर यांनी एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्याला काही मिनिटे लागली. चालती माणसे, घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला गृहस्थ. आज कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उघडून मिटते, म्हणून क्षण टिपता येतो. पण क्षण कोणता, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते माणसानेच ठरवायचे.

अशा चित्रात महत्त्वाचा चेहरा कोणाचा? विचारणाऱ्याचा नव्हे. त्याला सारे आधीच ठाऊक असते. ज्याला विचारले जाते, त्याच्या चेहऱ्यावर नवे काही उमटते. म्हणून मित्राने विचारणाऱ्याच्या पाठीमागे, जरा एका बाजूला उभे राहावे, म्हणजे त्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसतो. संध्याकाळचा सूर्य तिच्या पाठीशी असला, तर चेहरा काळवंडतो; अगदी समोर असला, तर डोळे मिचकावले जातात. ऊन बाजूने यावे. मोबाइल असेल तर पडद्यावर तिच्या चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे उजेडाचे माप चेहऱ्यावरून घेतले जाते. फार दुरून काढलेले मोबाइलचे चित्र अस्पष्ट येते. तेव्हा चारचौघांसारखे थोडे जवळच वावरावे. एकामागून एक बरेच फोटो घ्यावेत. त्यांतला एखादा साधतो.

हे झाले तंत्र. पण मी त्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट विचारली, "ती नाही म्हणाली तर?" तो गप्प झाला. श्रोतेहो, अडचण इथेच आहे. भोवती टाळ्या पिटायला माणसे जमवली, कॅमेरा समोर रोखला, की 'नाही' हा शब्द ओठांवर येणे कठीण. मग तो होकार तिचा की गर्दीचा? पूर्वी पाकिटातले चित्र मुलीवर निकाल देत असे. आता नव्या चित्राने तिच्याकडून निकाल वदवून घेतला, तर आपण काय सुधारलो? म्हणून गर्दी नको. मित्र दिसू नये. होकार आल्यावरच त्याने पुढे यावे, आणि फोटो ठेवायचे की पुसायचे, चारजणांना दाखवायचे की नाही, हे तिला विचारूनच ठरवावे. होकार नसेल, तर मुकाट्याने निघून जावे व फोटो पुसून टाकावेत.

पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती म्हणाली, "विचार करून सांगते." मित्राने कॅमेरा पिशवीत घातला आणि तो घरी गेला. आठ दिवसांनी लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या तिने होकार सांगितला. तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता. त्या क्षणाचा फोटो कोणापाशीच नाही, आणि त्याबद्दल त्या दोघांची काही तक्रारही नाही.