रस्त्याचा पैसा (लेखांक ५) : विजेच्या गाडीचा वाटा किती?

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. १ एप्रिल २०२५ पासून त्यावर मोटारीसाठी किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल ठरला. नागपूर-मुंबईच्या ७०१ किलोमीटरना चौदाशेच्या वर रुपये होतात. विजेच्या मोटारींना आणि बसना मात्र राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने इथला टोल माफ केला.

इंधनावर कर घेऊन रस्ते करायचे, ही व्यवस्था आपल्याकडे मुकुंदराव जयकरांच्या समितीने सुचवली. समिती १९२७ ची. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलच्या गॅलनमागे २ आणे जादा घेऊन रस्ते निधी उभा राहिला. जो जास्त फिरेल त्याचं पेट्रोल जास्त जळेल आणि तोच जास्त पैसे देईल, इतका तो हिशेब सरळ होता. पुढे २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांना दिला.

मे २०२२ च्या कपातीनंतर हा उपकर पेट्रोलवर लिटरला ५ रुपये राहिला. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर लोणारच्या बाजाराला जाणारा शेतकरी त्या दराने किलोमीटरला १० पैसे भरतो. विजेवरच्या महागड्या मोटारीकडून या खात्यात एक पैसाही येत नाही. राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ई-वाहनांना ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. हा शेतकऱ्यावर उघड अन्याय आहे.

विजेच्या गाड्यांनी धूर कमी होतो, त्यांना सुरुवातीला हात द्यायलाच हवा. पण रस्ता झिजतो तो वजनाने. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसलं, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. म्हणजे दुचाकीने होणारी झीज नगण्य; खरी झीज ट्रक आणि बसची, मग इंजिन कुठलंही असो. त्यात विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी थर आधीच टिकायला अवघड.

न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींना दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर आकार लावला. अवजड वाहनांचा दर तिथे वजनावरही ठरतो.

असा आकार घेण्यासाठी आपल्याकडे गाड्यांवर उपग्रहाने पाळत ठेवायची गरज नाही. दरवर्षी विम्याच्या नूतनीकरणावेळी मीटरचा आकडा नोंदवला, तरी अंतर कळतं. दुचाकी, रिक्षा आणि एसटीला सूट असू द्यावी. महागड्या मोटारींकडून आणि अवजड गाड्यांकडून मात्र अंतर व वजनाप्रमाणे आकार घ्यावा. त्यासाठी ई-वाहन धोरणाची मुदत २०३० मध्ये संपेपर्यंत थांबू नये. आणि या आकारातला ठरावीक हिस्सा ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीसाठी कायद्यानेच राखून ठेवावा.