मॅडम, माझे तास कधी लावताय?

मैत्रिणींनो, आम्हा ‘सीएचबी’ प्राध्यापकांना पगार नसतो, तासांचे पैसे असतात. दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग, सगळं बिनपगारी. यूजीसीने २०१९ मध्ये तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० म्हटलं खरं, पण आमच्या हाती पडतं ते कितीतरी कमी. नॅकच्या फायली मात्र आम्हीच लिहायच्या!

तास किती, कधी, हे विभागप्रमुखांच्या हातात. बिलावर सहीही त्यांचीच. आधीच्या सरांकडे ते बिल पंधरा-पंधरा दिवस पडून राही. नव्या मॅडमना मी धीर करून विचारलं, “तास सलग लावाल का? दुपारची एसटी मिळेल.” त्यांनी स्वतःचा पहिला तास मला दिला. वर म्हणाल्या, “बिल एक तारखेलाच आणा, लगेच सही करते.”

फायलींचं अजून बोलायचंय.