उमेदवार ठरायच्या आधीच जमलेली वर्गणी

आज अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांना सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश करायचं होतं, आणि तिथल्या रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांचं मत निर्णायक होतं. विरोधकांनी ऑनलाइन वर्गणी सुरू केली, तीही चक्क इफ-एल्स लावून. बाईंनी 'हो' म्हटलं तरच तुमच्या कार्डवरून पैसे कापणार आणि २०२० मधल्या त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्याला देणार. तो कोण, हे तेव्हा ठरलंही नव्हतं! कॉलिन्स म्हणाल्या, ही तर लाच झाली. आणि 'हो' म्हणूनच मत दिलं.

३० लाख डॉलरच्या वर जमले. पुढे उमेदवार झाल्या सारा गिडियन. त्यांची एकूण वर्गणी ७ कोटी डॉलरच्या पुढे गेली, कॉलिन्सच्या दुपटीहून जास्त. तरी कॉलिन्स ५१ टक्के मतं घेऊन जिंकल्या. गिडियनकडे तर जवळपास दीड कोटी डॉलर उरले, एवढ्याशा राज्यात खर्च करणार तरी कुठे? माझ्या मते गडबड इथेच आहे : पेमेंट कॅलिफोर्नियातूनही येतं, मत मात्र मेनमधलंच लागतं.

आणि हो, तिकडे एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मित्राला सांगून ठेवा, अशी देणगी त्याला कायद्याने देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं.