चर्चासत्रासाठी प्रस्ताव कसा लिहावा?

९ मे १९१६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. विद्वत्सभेत पुराव्यानिशी बोलण्याची ही आपली परंपरा होय. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकमुळे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची चर्चा देशभर पोहोचली. या विषयावरील चर्चासत्रांकडे आपल्या प्राध्यापकांनी प्रस्ताव पाठवावेत, असे आम्हांस वाटते.

प्रस्तावात चार गोष्टी असाव्यात : प्रश्न, पद्धती, पुरावा व उपयोग. ‘आपले विद्यार्थी मागे पडतात’ हे केवळ विधान झाले. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला विषय समजूनही इंग्रजीत उत्तर लिहिता येत नाही काय, हे त्याच्या तोंडी व लेखी परीक्षेतील गुणांची तुलना करून आम्ही तपासू, असे लिहिले की प्रस्ताव होतो. निवड करणाऱ्यांपुढे पुष्कळदा लेखकाचे नाव ठेवले जात नाही. तेथे मजकूरच बोलतो. म्हणून शब्दमर्यादा पाळावी आणि अलंकारिक भाषा टाळावी.

केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या मुलांच्या कुवतीविषयीची ऐकीव मतेही याच कसोटीवर घासली पाहिजेत. ते काम आपण केले नाही, तर त्या मतांनाच ज्ञान म्हटले जाईल.