रविवारची कलेजी

काळीज या शब्दाने मराठीत मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. कवीचे काळीज छातीत धडधडते; पण त्याच शब्दाची सख्खी बहीण कलेजी खाटकाच्या तराजूत पडते तेव्हा ती यकृत असते. संस्कृतात यकृताला 'कालखंड', म्हणजे काळा तुकडा, असेही एक नाव आहे. या काळ्या तुकड्याने माझ्या भाचीच्या घरी वर्षभर जो छळ मांडला, त्याची ही हकीगत.

पुण्याच्या त्या घरात गुंडी नावाची शित्झू जातीची कुत्री आहे. वय दीड वर्ष, वजन जेमतेम तीन किलो. इतकी लहानखुरी, की पाहुण्यांना ती अजून पिल्लूच वाटे. अधूनमधून ती गप्प होई, खोलीभर गोल गोल फिरे आणि शेवटी भिंतीला डोके टेकून उभी राही. दोनदा तर तिला झटकेही आले. 'फिट्स येणारे जनावर लहान मुलांच्या घरात नको,' असे सासरे निक्षून म्हणू लागले. सासूबाईंचे मत निराळे. पोर अशक्त आहे, तिला ताकदीचे खायला हवे! म्हणून एरवी दूधभात खाणाऱ्या गुंडीला दर रविवारी वाटीभर कलेजी मिळू लागली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ताई, हिचं बिघडतं कधी? जेवणाआधी की जेवणानंतर?"

भाचीला हिशेबाच्या वहीत सारे टिपून ठेवायची सवय. वही चाळली तेव्हा दिसले, की बहुतेक नोंदी रविवार दुपारच्या, जेवणानंतर तास-दोन तासांच्या!

येथे थोडे मागे, रशियात, जावे लागेल. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक नावाच्या शल्यवैद्याने कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी जी मोठी शीर असते, तिचे रक्त त्याने यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडले. पुढे १८९३ मध्ये पावलॉव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी (होय, घंटा आणि लाळ म्हटले की आठवतो तोच पावलॉव्ह) असे कुत्रे पाळून पाहिले. मांस खाल्ले की ते झोकांड्या खात, आंधळ्यासारखे वागत, आचके देत. कारण असे, की मांसातील प्रथिनांपासून आतड्यांत अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करून टाकते आणि मूत्रपिंडे तो बाहेर घालवतात. यकृताची चौकी चुकवून गेलेला अमोनिया मात्र मेंदूपर्यंत पोहोचतो.

पावलॉव्हच्या कुत्र्यांत ही आडवाट माणसाने काढली होती. शित्झू, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा चिमुकल्या जातींच्या काही पिल्लांत ती जन्मतःच असते. अशा यकृताला पुरेसे रक्त मिळत नाही म्हणून ते खुरटते आणि पिल्लूही खुरटते.

गुंडीच्या रक्तात युरिया कमी, आल्ब्युमिन कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान निघाल्या. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली पिवळट-तपकिरी काटेरी स्फटिक दिसले, अगदी धोतऱ्याच्या बोंडासारखे. गंमत अशी, की ज्या एन्झाइमांच्या आकड्यांना लोक 'लिव्हरचा रिपोर्ट' म्हणतात, ते जवळजवळ ठीक होते! खाजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडनेसुद्धा त्यातला एक आकडा कितीतरी पट चढतो, आणि इथे यकृताला रक्तच पुरेसे मिळत नसताना तो शांत. नुसत्या त्या कागदावर विसंबून टॉनिकच्या बाटल्या आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खरी परीक्षा पित्ताम्लांची. बारा तास उपाशी ठेवून एकदा रक्त घ्यायचे, मग खायला घालून दोन तासांनी पुन्हा. जेवणानंतर पित्ताशयातून आतड्यात उतरलेली पित्ताम्ले रक्तातून परत येतात आणि निरोगी यकृत ती वाटेतच टिपून घेते. त्यामुळे दुसरा आकडाही साधारण पंचविसाच्या आत राहतो. गुंडीचा १८५ आला. पुढे सोनोग्राफीत अंदाज आला आणि सीटी स्कॅनमध्ये ती चुकार शीर स्पष्ट दिसली.

कलेजी त्याच दिवशी बंद झाली. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पनीर, अंडे, भात आणि लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध सुरू झाले. त्याने अमोनिया आतड्यातच अडकतो. महिनाभरात भिंतीला डोके टेकणे थांबले. सासरे म्हणाले, "मग ऑपरेशन हवंच कशाला?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पथ्यावर काही कुत्री वर्षानुवर्षे जगतात. पण आडवाट उघडीच राहते आणि यकृत वाढत नाही.

शस्त्रक्रियेत शीर एकदम बांधली, तर इतक्या रक्ताची सवय नसलेल्या यकृतावर ताण येऊन जनावर दगावू शकते. म्हणून तिच्याभोवती एक छोटे कडे बसवतात. बाहेर धातू आणि आत दुधातल्या केसीनपासून केलेला पदार्थ. तो ओलाव्याने फुगत जातो आणि शीर काही आठवड्यांत हळूहळू मिटते. जिवाला धोका होताच, खर्चही होता. भाचीने सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या. मला आधी सांगितले असते तर मी नको म्हटले असते, हे तिला ठाऊक असावे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. जेवणानंतरचा आकडा १८५ वरून ४१ वर आला, वजन पाऊण किलोने वाढले. डॉक्टरांनी लॅक्टुलोज निम्मे केले आणि पुढची तारीख दिली. "कलेजी?" सासूबाईंनी दारातूनच विचारले. "इतक्यात नको, आजी," डॉक्टर म्हणाले.